शेपटीला बांधलेले लिंबू

दत्तोपंत वैद्य सरांची माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला साधा नमस्कारही केला नाही. शिक्षकांच्या खोलीत दोन बोटांच्या टोकांवर लाकडी विमान तोलून ते उभे होते. म्हणाले, "बाई, दार लावा. वारा लागतोय." हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मला तो उद्धटपणा वाटला. इतका चुकीचा ग्रह मी दुसऱ्या कोणाविषयी करून घेतला नसेल.

रेडिओच्या इशाऱ्यावर आकाशात कोलांटी घेणारे विमान सर तयार करत होते. ते उडाले तर आमच्या शाळेत मुलांसाठी कार्यशाळा काढू, असा शब्द संस्थेच्या अध्यक्षांनी दिला होता. सरांचा जीव त्या कार्यशाळेत होता.

इंजिनांची इंग्रजी माहितीपत्रके मी त्यांना वाचून दाखवी. अध्यक्षांचा आग्रह मोठ्या इंजिनाचा. सरांनी लहान निवडले. "मोठं इंजिन नाकाला जड, बाई. मग तोलासाठी शेपटीत शिसं भरा. ओझ्याला उतारा म्हणून पुन्हा ओझं! असं कुठं उडतंय का?" बॅटरीची पेटी किंचित मागेपुढे सरकवत त्यांनी तोल साधला. ते त्याच कामात मग्न असताना माझी मुलगी तापाने फणफणली, तर सगळे टाकून ते सायकलने उस्मानाबादला औषधाला गेले. आभार मानले, तर रागावले.

तामलवाडीच्या माळावर प्रयोग ठरला. गावकरी जमले. एक म्हातारबा म्हणाले, "गुर्जी, आत माणूस न्हाय, मग हाकतंय कोण?"

"मी, इथून," हातातला रेडिओचा डबा दाखवत सर म्हणाले.

"मग आमच्या बैलांना बी बसवा की असला डबा! लई आडमुठी हायत."

सर खळखळून हसले. तेवढ्यात अध्यक्षांनी विमानाला कुंकू लावले आणि दृष्ट लागू नये म्हणून शेपटीला लिंबू-मिरची बांधली. वर झेंडूची माळ.

मी म्हटले, "साहेब, सोडा ते. तोल जाईल."

"एवढ्याशा लिंबानं? कॉन्व्हेंटवाल्यांना काय कळायचं आपलं!"

शेपटीकडचे तोळाभर वजन नाकाकडच्या कित्येक तोळ्यांना भारी पडते, हे सरांनीच मला शिकवले होते. मी त्यांच्याकडे पाहिले. चारचौघांत वडीलधाऱ्यांचा हात त्यांनी कसा झटकावा? ते एवढेच म्हणाले, "राहू द्या, बाई."

विमान उडाले, नाक वर करून उभेच राहिले आणि एका पंखावर कलंडून खाली आले.

"मोठं इंजिन घ्या म्हटलं होतं," अध्यक्ष म्हणाले. कार्यशाळा तिथेच रद्द झाली. तिच्यासाठी ठरलेल्या खोलीत आज मोडके बाक आहेत. सरांनी लिंबाचा उच्चार कधी केला नाही, आणि पुन्हा विमानही केले नाही. शाळेतून मुलांच्या किती तुकड्या गेल्या! एकाच्याही हाती कानस पडली नाही, याची मला चीड येते, आणि त्याहून जास्त वाईट वाटते.

आता सरांच्या साठीनिमित्त तेच अध्यक्ष त्यांना शाल पांघरणार आहेत. सरांची नजर तीक्ष्ण राहो, हात स्थिर राहोत, शंभरी त्यांनी चालत ओलांडावी. आणि त्या दिवशी व्यासपीठावर, सर्वांदेखत, त्यांनी शाल हाताने थांबवून म्हणावे, "आधी त्या खोलीची किल्ली द्या."