कार्डबाई

या गं पोरींनो, जरा जवळ सरका. पान समोर धरायचं आणि डोळे मोबाइलमध्ये ठेवायचे, हे मला चालत नाही. लग्नाच्या वयाच्या मुली तुम्ही. मुलाचा पगार विचारता, दारात गाडी आहे का विचारता, आणि नेमकं विचारायचं तेच विसरता. आमची कौसल्या असती तर तिने तुमचा कान धरला असता.

कौसल्या आमच्या गावची आशा, म्हणजे दवाखान्याची बातमी घरोघरी नेणारी आणि घरोघरची दवाखान्यात पोचवणारी. कुणाच्याही ओसरीवर टेकली की पाण्याच्या गिलासाआधी विचारायची, "कार्ड कुठी ठेवलं?" गावाने नावच पाडलं, कार्डबाई. तिला त्याचा राग नव्हता. म्हणायची, "नाव तं ठेवलं, पण कार्ड नाई दाखवत बेटे."

हा इंग्रजी शब्द आमच्याकडे पोस्टमनच्या पिशवीतून आला. ती सून होऊन आली तेव्हा कार्ड म्हणजे पोस्टाचं. मोहल्ल्यात सातवी शिकलेली बाई तीच एकटी, म्हणून सगळ्यांची कार्डं तीच वाचायची. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं. ते घरात न्यायचं नाही, अंगणातच वाचून टाकायचं. तसं कार्ड हाती आलं की कौसल्या आधी समोरच्या बाईला खाली बसवायची, मग तोंड उघडायची. पुढे कार्ड म्हणजे रेशनचं झालं. त्यातून माझ्या सासूचं नाव एकदा गळलं, तर म्हातारी तीन दिवस दारोदार विचारत होती, मी मेली का वो म्हणून. मग लग्नाची छापील कार्डं आली, रोजगार हमीचं आलं, मोबाइलमधलं नखाएवढं आलं, अंगठा मागणारं आलं. कौसल्या म्हणायची, "शब्द एकच हाय वयनी, पण दरखेपी कोणाचा तरी जीव त्याच्यात अडकते."

शेवटी आलं सिकलसेलचं, आईबापाकडून लेकरात उतरणाऱ्या रक्ताच्या आजाराचं. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचे आणि कार्ड द्यायचे. पांढरं म्हणजे काही नाही. पिवळं म्हणजे रक्तात आजार लपलेला, माणूस मात्र धडधाकट. लाल म्हणजे आजारी. हाडं ठणकतात, रक्त कमी होतं, वारंवार दवाखाना. आईबाप दोघेही पिवळे असले की चारातलं एखादं लेकरू लाल निघायची भीती. आम्ही बौद्ध, पत्रिका पाहणं आमच्या सासऱ्यांच्या पिढीनेच सोडलं. कौसल्या म्हणायची, "ग्रह सोडले ते बेस केलं. रक्त कसं सोडान?" सोयरीक ठरायच्या आधी दोन्हीकडची कार्डं मागून शेजारी शेजारी ठेवायची. दोन पिवळे एका मांडवात नाही, हा तिचा कायदा. त्यापायी तीन सोयरिकी मोडल्या. लोकांनी तिला शिव्या दिल्या, एका घराने दार लावून घेतलं. ती दुसऱ्या दिवशी त्याच दारात पुन्हा हजर.

आता माझं सांगते. प्रकाश माझा एकुलता एक, घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात. मुलगी पसंत पडली, मांडवाचे बांबू आले. मुलीच्या बापाने तिचं पिवळं कार्ड कौसल्याच्या हाती दिलं. त्याचा अर्थ त्या भल्या माणसाला कुणी सांगितलेला नव्हता. कौसल्या ते घेऊन दुपारी माझ्याकडे आली. प्रकाशचं कार्ड माझ्या पेटीत होतं, तेही पिवळंच, मला ठाऊक होतं. तिने काही म्हणायच्या आत मी तिच्या हातातलं घेतलं आणि पेटीत तळाशी टाकलं.

ती म्हणाली, "वयनी, पोराले सांग. त्याईले ठरवू दे."

मी काय बोलले ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. तिचा नवरा आजारी होता तेव्हा तिची मुलगी सहा महिने माझ्या ताटात जेवली होती. ते मी त्या दिवशी बाहेर काढलं. म्हटलं, त्या घासांची आण आहे, गप्प राह.

"मी गप राहीन," ती म्हणाली, "पण तू नको राहू." आणि उठून गेली. मी गप्प राहिले.

नातू झाला. दीड वर्षाचा असताना हातपाय सुजले, रात्रंदिवस रडायचा. कार्ड लाल निघालं. डॉक्टरांनी विचारलं, लग्नाआधी कार्डं कुणी पाहिली नव्हती का? सुनेला आठवलं की वडिलांनी कार्ड कौसल्याला दिलं होतं. घरी येऊन ती कौसल्याला अंगणातच नको नको ते बोलली. माहीत असून माझं लेकरू खाल्लंस, असंही बोलली. मी दारात उभी होते. कौसल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग सुनेला म्हणाली, "बोल माय, तुले हक्क हाय." बस. त्यानंतर गावात तिचं कुणी ऐकेना. कार्ड विचारलं की लोक तोंडावर हसायचे. तरी माझ्या नातवाला रक्त चढवायचं असलं की एसटीत मांडीवर घेऊन तीच जायची. सून तिच्याशी बोलायची नाही, फक्त पोर हातात द्यायची.

मागच्या पावसाळ्यात मलेरिया कौसल्याच्या डोक्यात गेला. चार दिवसांत संपली. सून मातीला गेली नाही.

पुण्यानुमोदनाला आमच्यात भन्तेजी वंदना घेतात, मग ज्याला वाटेल तो उठून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो. सगळे मनमिळाऊ होती, कष्टाळू होती असं बोलले. मग मी उठले. म्हटलं, "तिनं मले सांगतलं होतं. कार्ड मी लपवलं. तिले आण मी घातली." कौसल्याची मुलगी समोरच बसली होती. तिने पदर तोंडावर घेतला. सून उठून घरी गेली.

ती जिवंत असताना, त्या दिवशी, हे बोलायला मला तीन पायऱ्या उतरून अंगणात यायचं होतं, एवढंच. ते जमलं नाही.

आठ दिवसांनी प्रकाश बायको-पोराला घेऊन घुग्घुसला राहायला गेला. धुळीत पोराला दम लागेल म्हटलं, तर तो म्हणाला, आई, आता तू काही सांगू नको. बरोबर आहे त्याचं. फोन दर रविवारी येतो, पोराचं कसं काय तेवढं सांगून ठेवतो.

घर मोठं आहे, बोलायला कोणी नाही. तुम्ही या गं. मार्कंड्याच्या जत्रेची वाट पाहू नका, आधीच या. भात खाऊ, बसू. आणि वयनी, असं काऊन केलं, असं मला तोंडावर विचारा. इथं कोणी विचारत नाही. लवकर या.