बिनट्रायल मास्तर

गॅसवर दूध होतं, ह्यांचा एक मोजा हरवला होता, आणि तो मीच कुठेतरी शिजवला असावा अशा नजरेनं हे माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात मास्तर. गळ्यात मोजपट्टी, काखेत दवाखान्याची फाईल, हातात फुगलेली पिशवी.

"वहिनी, सिंक रिकामं आहे का?"

मास्तरांचं शिवणकामाचं दुकान आमच्या खालीच. चाळीस वर्षं ते गल्लीचे कपडे शिवतायत आणि चाळीस वर्षांत त्यांनी कुणालाही ट्रायल दिलेली नाही. "ज्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही, त्यानं ट्रायल घ्यावी," असं ते म्हणतात. म्हणून पाठीमागे सगळे त्यांना बिनट्रायल मास्तर म्हणतात. ह्यांच्या लग्नातल्या कोटाची डावी बाही अजून उजवीपेक्षा दोन बोटं लांब आहे. मास्तरांच्या मते दोष ह्यांच्या हाताचा.

महिन्यापूर्वी जिना चढताना त्यांना धाप लागायला लागली. तपासणीत निघालं, हृदयाची एक झडप गळतेय. तिच्या दोन पाकळ्यांपैकी एक सैल पडून फुगली होती, तिला धरणारे दोरे ताणले गेले होते, आणि पुढे जायचं रक्त थोडं मागे फिरत होतं. गुरुवारी शस्त्रक्रिया. डॉक्टरीणबाईंनी दुरुस्तीचे तीन प्रकार चित्रं काढून समजावले होते. मी कॉलेजात जीवशास्त्र घेतलं होतं, म्हणून मास्तर माझ्याकडे. माझी सगळी पुंजी म्हणजे एक बेडूक, तोही मैत्रिणीनं कापलेला.

पिशवीतून तीन बाटल्या निघाल्या. बूड कापलेल्या, आणि प्रत्येकीच्या पोटात अस्तराच्या कापडाची एकेक झडप.

"हिचा फुगलेला तुकडा कापून कडा जोडल्यात. हिला कात्रीच लावली नाही, नवे दोरे बांधून पाकळी जागेवर धरलीय. आणि हिच्या दोन्ही पाकळ्या मधोमध एका टाक्यात घेतल्यात, दोन बाजूंना दोन वाटा. भोवती रिंग तिघींनाही. आता उलट्या बाजूनं पाणी ओतायचं. थेंब पडला नाही तर ती पास."

पहिलीतून धार लागली. दुसरीची पाकळी वाऱ्यात छत्री उलटावी तशी उलटली. तिसरी दोन्ही बाजूंनी गळली आणि ह्यांचा उरलेला मोजा भिजला.

"अगदी माझ्या कोटासारखं झालं, मास्तर," हे म्हणाले.

एव्हाना मास्तरीणबाई वर आल्या होत्या. "दोन दिवस हेच चाललंय. गिऱ्हाइकाच्या जाकिटाचं अस्तर संपवलं. ह्यांनी शिवलेली झडप ह्यांनाच बसवली असती, तर मी आज इथे चहा प्यायला नसते."

"तुला चहा कुणी दिलाय अजून?" मास्तर म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. त्यांनी दुसरी बाटली पुन्हा उचलली. दोरे वर कडेला बांधलेले होते. एक आखडला, मी पाणी ओतलं, गळली. जास्त आखडला, तर पाकळी मिटेचना. मग त्यांनी मला पाणी ओततच राहायला सांगितलं आणि भरल्या पाण्यात दोरा केसभर सैल केला. धार थांबली. एक थेंब लोंबकळला, आणि तोही पडला नाही.

मास्तरांनी त्या थेंबाखाली बोट धरून पाहिलं.

"वहिनी, हे भरून बघितल्याशिवाय कळतच नाही हो."

हे हळूच आत गेले आणि कपाटातून कोट घेऊन आले. मास्तरांनी तो खांद्यावर टाकला. दूध तेवढ्यात उतू गेलं, पण कुणी मला बोललं नाही.

दुपारी मी त्या दोघांबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तिन्ही बाटल्या फिरवून फिरवून पाहिल्या. "छान शिवता. पण आत्ताच वचन देत नाही. उघडल्यावर पाकळी बघेन. फारच जास्त असली तर थोडी कापेन, नाहीतर नवे दोरे. मधला टाका सहसा लागत नाही."

मास्तरीणबाईंनी पदर चाचपला. मास्तरांनी गळ्यातली मोजपट्टी काढून नीट गुंडाळली.

"बाई, कापा नाहीतर बांधा, ते तुमच्या हाताला ठाऊक. माझं एवढंच म्हणणं आहे. शिवून झालं की बंद करायच्या आधी एकदा पाणी भरून ट्रायल घ्या."