खंडेनवमीचा आंबट हौद

चिंचवडच्या ज्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागलो, तो सायकलचे दिवे बनवत असे. पन्नासचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. दिव्याला चकाकी चढवण्याआधी पत्रा तेजाबात बुडवून साफ करावा लागे. ते वापरलेलं पाणी पूर्वी ओढ्यातून पवनेला जाई आणि नदी तक्रार करत नसे. मग वसाहतीसाठी सार्वजनिक गटार आलं. त्यात पाणी सोडायची परवानगी आम्हाला मिळाली, पण अट होती, पाणी आंबट नको. आंबट पाणी सिमेंटचे नळ खातं. म्हणून मागच्या अंगणात हौद बांधला. पाणी त्यात अडवायचं, चुना टाकायचा, मोटरवर चालणाऱ्या भल्यामोठ्या रवीने घुसळायचं, निळा कागद बुडवून तो लाल होत नाही ना ते पाहायचं आणि मगच तोटी उघडायची. घरी मी फक्त ‘रसायनशास्त्राचं काम आहे’ एवढंच सांगितलं होतं.

चकाकी चढवायचं म्हणजे प्लेटिंगचं खातं सांभाळायचे ते मिस्त्री मुसलमान होते, तळवड्याचे. आधी गावोगाव भांड्यांना कल्हई करत फिरायचे. इथे आल्यावर पहिल्यांदा त्यांची बायकापोरं एका छपराखाली बारा महिने राहिली. आणि नेमकं त्यांचंच खातं टांगणीला लागलं होतं. गटाराच्या नळाला एकदा भोक पडलं, तेव्हा गटार-तपासनीस पिशवीत लाकडी बूच घेऊन आला. ते त्याने सगळ्यांना नीट दाखवलं.

“पुन्हा आंबट सापडलं, की हे तुमच्या तोंडात ठोकून जाईन,” तो म्हणाला. तोंडात म्हणजे नळाच्या. नळ बंद म्हणजे प्लेटिंग बंद, आणि प्लेटिंग बंद म्हणजे मिस्त्री पुन्हा भाता खांद्यावर घेऊन रस्त्यावर.

तशात खंडेनवमी आली. त्या दिवशी यंत्रं धुऊनपुसून त्यांची पूजा करायची आणि मग दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आमच्याकडे हे इतक्या निष्ठेने होई, की आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने आपली टाकी लख्ख घासली आणि वर्षाचं सगळं गाळसाळ तेजाब हौदात सोडून दिलं. सकाळी हार आले, लिंबं आली, हळदकुंकू आलं. हौदाच्या मोटरलाही हार घातला. नारळ फुटला, पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच माझं लक्ष हौदाकडे गेलं. तो काठोकाठ भरला होता आणि त्यात चिमूटभरही चुना नव्हता.

एवढ्यात पहारेकरी सांगत आला, की तपासनीस वसाहतीत फिरतोय, आपल्याकडेही येणार आहे.

“मिस्त्री, मोटर लावा,” मी म्हणालो.

“पूजा झालीय.”

“अहो, पण तुमचंच खातं बंद पडेल.”

“पडंल तर पडंल. पूजा झालेल्या मोटरला म्या आज हात लावनार न्हाई, तुमी बी न्हाई. तुमाला देवाधर्माचं काई हाय का न्हाई, साहेब?”

आम्ही चुना ओतला, तो तळाशी जाऊन बसला. हाताने घुसळायचं तर कशाने? फावड्याला कुंकू, पहारीला कुंकू, झाडूलासुद्धा कुंकू. कुणाच्या तरी भक्तीतून काहीच सुटलं नव्हतं. शेवटी सापडलं ते डबा खायचं बाक. त्याच्यावर आम्ही रोज बसायचो, म्हणून त्याची पूजा करावी असं कुणाला वाटलं नव्हतं. मिस्त्रींनी एक टोक धरलं, मी दुसरं, आणि इस्त्रीच्या सदऱ्यात मी हौदात बाक फिरवू लागलो.

“जोर लावा, राव! कागद बुडवताय जनू!”

पाणी पांढरं झालं, सदराही झाला. आंबटपणा गेला की नाही, ते मात्र कळेना. माझ्या निळ्या कागदांच्या डबीलाही पूजेत हार पडला होता आणि मिस्त्री तिच्यासमोर उभे होते.

तपासनीस आला. कपाळावर टिळा, खांद्याला पिशवी. त्याच्या कचेरीतही पूजा झाली होती, पण तिथे पूजेनंतर काम चालत असे. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं ते एखाद्या बाटलेल्या माणसाकडे पाहावं तसं. त्याने आपली डबी उघडली, कागद काढला, हौदात बुडवला.

कागद लाल झाला.

त्याने पिशवीतून बूच काढलं. मिस्त्री मटकन खाली बसले. बाक अजून हौदात होतं.

मी त्या कागदाकडे पाहत होतो. लाल झाला होता, पण सारखा नाही, ठिपक्याठिपक्यांनी. मग तपासनिसाचा अंगठा दिसला. तोही लाल. त्याच्या शिपायाने पूजेत उघड्या डबीवर मुठीने कुंकू उधळलं असणार.

“साहेब, हे कुंकू आहे.”

“कशावरून?” तपासनीस म्हणाला. “कुंकू लाल, आंबट पाण्यातला कागद लाल. मी लाल पाहिलं.” दुसरा कागद काढला, तोही तसाच निघाला.

मला खरंच फार आनंद झाला. कुंकू तेव्हा हळदीचंच असे. हळदीला चुन्यासारखं काही लागलं की ती लाल होते, आणि आंबट लागलं की ते लाल पुन्हा पिवळं पडतं. मी यंत्रावरचं लिंबू मागितलं. मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली, पण लिंबू यंत्रात मोडत नाही हे त्यांना पटवता आलं. पांढऱ्या बशीत कुंकवाच्या दोन चिमटी ठेवल्या. एकीवर लिंबू पिळलं, ती पिवळी झाली. दुसरीवर हौदाचं पाणी घातलं. सगळे बशीवर वाकले. मिस्त्रींनी डोळे मिटले होते.

“काय झालं?” ते म्हणाले.

“लाल आहे.”

“म्हंजी बंद?”

“नाही हो. इथे लाल म्हणजे चालू.”

तपासनिसाने बशी उजेडात धरली, वास घेतला, स्वतः आणखी एक चिमूट टाकून पाहिली. तीही लालच राहिली. मग त्याने बूच पिशवीत टाकलं आणि म्हणाला, “पाणी चालेल. पण यापुढे मला असा कागद दाखवू नका.” कागद त्याचाच होता.

तो फाटकाबाहेर गेला, तरी मिस्त्री बशी हातात घेऊन बसून होते.

“ही म्या घरी नेऊ का?” त्यांनी विचारलं. “बायकोला दावतो. नुसतं सांगून तिला खरं वाटायचं न्हाई.”

बशी कारखान्याच्या कॅन्टीनची होती. मी न्या म्हणालो. दोन्ही हातांत सपाट धरून, पाणी न सांडता, ते तळवड्याच्या वाटेने चालत गेले.