तिसऱ्या ओळीचं वळण

शारजातल्या आमच्या बांधकाम कंपनीत तो स्टोअरकीपर होता. एका कोरियन इंजिनिअरने त्याला त्यांच्याकडची तीन ओळींची कविता शिकवली होती. दोन ओळींत दिसलं ते सांगायचं आणि तिसरीच्या पहिल्या तीन अक्षरांतच वळायचं. शुक्रवारी तो खाडीकाठी चालत चालत ती रचायचा. मी बरोबर असलो की वैतागायचा. "अरे, तू चालत नाहीस, मोर्चा काढतोस!"

एकदा आमच्याच कंपनीचे डंपर तिथल्या पाणथळीत भराव टाकताना दिसले. परतताना तो बोटांवर अक्षरं मोजत म्हणाला,

"ओहोटीचा ओला चिखल, त्यात फ्लेमिंगोंचे गुलाबी पाय.
डंपर येतो, पाय सरकतात, डंपर पुन्हा येतो.
खलास! आता एका पायावर उभं राहण्यापुरतीच जागा."

"या भरावाविरुद्ध पत्रक काढतोय, त्यात ही छापतो, तुझ्या नावासकट," मी म्हणालो.

"छाप. पण नाव नको. व्हिसा कंपनीचा आहे."

"भित्रा आहेस!"

"आहेच. नाव घातलंस तर पुढची ओळ कंपनी लिहील, हबीबी. मुंबईच्या तिकिटावर."

पत्रक निनावीच निघालं. मला ते अजून पटलेलं नाही. तरी इथेही त्याचं नाव लिहायला हात धजावत नाही.