पालथा निजवलेला माणूस

फुप्फुसाला हवा हवी असते, पण मारूनमुटकून भरलेली हवा त्याला फाडते. माझं आजवर छापून आलेलं सगळं संशोधन या एका वाक्यावर उभं आहे. व्हेंटिलेटर माणसाला जगवतो आणि जगवता जगवता त्याच्या फुप्फुसाच्या आतून चिंध्याही करतो. त्या चिंध्या कमी कशा होतील, एवढंच मी रत्नागिरीत बसून शोधत आले. परदेशी नियतकालिकांचे परीक्षक विचारायचे, हे गाव नेमकं कुठे? मी चिडून कळवायचे, नकाशात बघा.

शेवटचा निबंध रुग्णाला पालथं निजवण्यावर होता. फुप्फुसाचा बराच भाग पाठीकडे असतो. अत्यवस्थ माणूस उताणा पडला की तो भाग दबून बंद पडतो, पालथं केलं की उघडू लागतो. सोपं वाटतं, पण चार-पाच जणांना एका दमात वळवावं लागतं आणि एकाला डोक्याशी घशातली नळी धरून ठेवावी लागते. ती नळी मी कुणाच्या हातात देत नाही.

लावणीपासून कापणीपर्यंत आमच्याकडे लेप्टोचा ताप येतो. उंदराच्या मुताने नासलेल्या चिखलातून, पायाच्या भेगेतून तो अंगात शिरतो आणि कधी कधी फुप्फुसात रक्त सोडतो. गणपती होऊन गेल्यावर हेदवीकडचा एक तरुण असाच आला, नळीतून लाल फेस येत होता. त्याच्या बायकोला मी अतिदक्षता विभागाच्या काचेपाशी नेऊन सगळं समजावलं. "ठेवा पालथं," ती म्हणाली, "पन वाचवा." पालथं केल्यावर ऑक्सिजनचा आकडा चढू लागला. ती काचेला नाक लावून तो आकडाच बघत राहिली. हा माणूस आपण ओढून काढणार, असं मलाही वाटायला लागलं.

दुपारी त्याचा थोरला भाऊ आला. मासेमारीच्या बोटीवरचा खलाशी, बंदरावरून थेट, बरोबर बोटीवरचे सोबती. आमच्या किनाऱ्यावर बुडालेल्या माणसाला पालथा घालतात, पोटातलं पाणी निघावं म्हणून. सुजलेला चेहरा एका बाजूला वळलेला, तोंडाशी लाल फेस. असे त्याने बरेच पाहिले होते आणि त्यातला एकही उठला नव्हता. काचेतून त्याला तेच दिसलं.

"मेलाय तो! कवाच मेलाय!" तो ओरडला. "पानी काढतायत त्याचा, नि आमाला सांगत नायत!"

"जिवंत हायत, भावोजी. मीच सांगितला पालथा ठेवायला," भावजय म्हणाली. त्याने तिला भिंतीवर ढकललं आणि दार लाथेने फोडलं.

सलाइनचा स्टँड मॉनिटरवर बसला. सिस्टर आडवी आली तर एकाने तिचं मनगट पिरगळून मोडलं. हाड मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी मध्ये पडले, तेव्हा कुणीतरी केस धरून माझं डोकं खाटेच्या दांड्यावर आपटलं. कपाळावरून डोळ्यांत रक्त उतरलं, तरी मला दिसलं: थोरल्याने भावाला काखांत धरून, जाळं उलटावं तसं, उताणं केलं. नळी सुटली.

आणि तो माणूस खोकला. एक आचका देऊन, डोळे पांढरे करून, रक्त उडवत खोकला. मेलेलं माणूस खोकत नाही. भावाचे हात गळून पडले.

माझे केस धरणाऱ्या हाताला मी कडकडून चावले. बोटीवरही कधी ऐकू आल्या नसतील अशा शिव्या दिल्या. रुग्णाचा घसा रक्ताने भरलेला, काही दिसेना. दुसऱ्या खेपेला नळी आत गेली. "धर त्याला!" मी भावावर किंचाळले. त्याने धरलं. त्याच लोकांना हाताशी घेऊन आम्ही रुग्णाला पुन्हा पालथं केलं. आकडा मात्र चढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

पोलीस भावाला न्यायला आला होता. व्हरांड्यात भाऊ माझ्यासमोर थांबला.

"बाय, मी उताना केला नसता तर वाचला असता?"

माझ्या कपाळाला टाके होते. हो म्हणून त्याला जन्मभर जाळावं, असं फार वाटलं. पण माझे निबंध पुष्कळ माणसांबद्दल बोलतात, एका माणसाबद्दल शपथ घेत नाहीत. "सांगता येत नाही," मी म्हटलं. ते खरं होतं आणि खरं होतं याचाच मला संताप आला.

त्याची भावजय भिंतीशी बसली होती. थोरल्या दिरासमोर मान वर करून बोलायची त्यांच्या घरात रीत नाही. ती उठली.

"माला येता सांगता," ती म्हणाली. "आकडा चढत होता. मी बगत होते."

मग तिने त्याच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. मग दोन्ही मुठी त्याच्या छातीवर. तो हात खाली सोडून उभा राहिला. पोलीस पुढे झाला, मी त्याचा दंड धरून ठेवला. बायका तिच्या बांगड्या उतरवायला यायच्या आधीच त्या दिराच्या छातीवर फुटल्या.