अप्पांचा बांध आणि वरची खोली

त्या उन्हाळ्यात चहाचा ट्रे दिसला की मला कळायचं, आता खरं सांगायची वेळ आली. खोली बघायला गेलं की घरमालक आधी आडनाव विचारायचा, मग गाव. मग 'म्हंजी आपलेच की' म्हणत आत चहा सांगायचा. ज्यांचं आडनाव 'आपलं' नसे त्यांना फाटकातूनच वाटेला लावत, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी ज्यांच्यासाठी खोली शोधत होते त्या भाऊंचं आडनाव चालणारं होतं, म्हणून आम्ही निदान खुर्चीपर्यंत पोचायचो. चहा आला की मी सांगायचे, "एक गोष्ट आधी बोलते. भाऊ शिक्षा भोगून आलेत. त्यांच्या हातून माणूस गेला होता." तो चहा कधी पूर्ण पिऊन झाल्याचं मला आठवत नाही.

मी समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते आणि उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या संस्थेत इंटर्नशिप करत होते. शिक्षा संपवून आलेल्यांना भाड्याची खोली मिळवून द्यायची, हे माझं काम. भाड्याचं बोलण्याआधी खरं सांगायचं, हा संस्थेचा नियम. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. तिथून कळलं की माणूस भांड्याकुंड्यांसकट रस्त्यावर. नियमात काही खोट नव्हती. पण 'सत्यमेव जयते' भिंतीवर टांगणारी ही माणसं खरं ऐकलं की कशी तोंड फिरवतात, ते मी रोज बघत होते.

भाऊ सिल्लोडकडचे, चाळिशीचे, बोलायला मवाळ. चुलतभावाने नांगरताना बांध कोरला, शब्दाने शब्द वाढला, आणि यांच्या हातातला कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या डोक्यात बसला. दवाखान्यात न्यायला गाडी वेळेवर मिळाली नाही. "हाणायचं व्हतं मॅडम, मारायचं नव्हतं," एवढंच ते एकदा म्हणाले. पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही.

आता गावात परतायची सोय नव्हती. बायको आणि मुलगी मेव्हण्याच्या घरी होत्या. मेव्हण्याने निरोप धाडला होता: शाळा उघडायच्या आत शहरात खोली करा आणि दोघींना घेऊन जा, नाहीतर पोरीचं नाव इथल्या शाळेत घालतो, मग परत न्यायला येऊ नका. भाऊ एका लोखंडाच्या दुकानात हमाली करत आणि तिथल्याच गोडाऊनमध्ये झोपत. सळयांच्या ढिगात बायको-मुलीला कुठे आणणार?

पडेगावातल्या एका घरमालकाने तर कमाल केली. आम्ही जिना उतरत असताना मला एकटीला वर बोलावून घेतलं. "पोरी, चांगल्या घरची दिसतीस. असल्या लोकांच्या नादी कशाला लागतीस?" चांगलं घर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण चांगल्या घरात काय असतं, ते मला पुरतं ठाऊक होतं.

आमच्या अप्पांचा एक किस्सा आहे. लग्न असो, बारसं असो, माणसं जमली आणि पान जमलं की अप्पा तो सांगणारच. चुलतभावाने बांध कोरला, अप्पांनी दांडा उचलला, एकाच दणक्यात चुलतभाऊ आडवा. इथे किस्सा थांबतो आणि तो चुलतभाऊ, म्हणजे आमचे काका, टोपी काढून सगळ्यांना डोक्यावरचा व्रण दाखवतात. लोक खदाखदा हसतात. पुढे एका लग्नात दोघांचा समेट झाला, आता एकमेकांवाचून पान हलत नाही. लहानपणी मीही हसायचे. आम्हाला तो मर्दपणाचा किस्सा म्हणून शिकवला होता.

आणि आमच्या घराची वरची खोली रिकामी होती. वेगळा जिना, मोरी, सगळं. आधीचा भाडेकरू बदली होऊन गेला होता.

एका रविवारी काका गावाकडून आंबे घेऊन आले होते. पंगत बसली होती. मी विषय काढला. सगळं सांगितलं, बांधापासून मेव्हण्याच्या निरोपापर्यंत. अप्पांनी घास खाली ठेवला.

"खुन्याला घरात घेऊ व्हय? येडी झालीस का? घरात तरणी पोर हाय."

तरणी पोर म्हणजे मीच. मला पुढे करून माझ्याच तोंडावर दार लावत होते.

"बांधावरचंच भांडण होतं, अप्पा."

"आसंल. आपल्यात असलं नसतं."

त्यावर मात्र माझा तोल सुटला. "नसतं? काका, टोपी काढा बरं! त्या दिवशी तुम्हाला दवाखान्यात न्यायला जीप मिळाली म्हणून तुम्ही आंबे घेऊन आलात. मिळाली नसती तर अप्पाही असेच खोली शोधत फिरले असते, आणि आईला नि मला मामाने कुठे ठेवलं असतं कुणास ठाऊक!"

आई आमरसाचं पातेलं धरून जागच्या जागी उभी. काकांचा हात टोपीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. "पोरगी खरं बोलती," ते अगदी हळू म्हणाले. "जीपवाला त्या दिशी निघालाच व्हता. हाक ऐकून थांबला."

अप्पा उठले. "ते येगळं आन् हे येगळं," म्हणाले आणि मोरीवर हात धुवायला गेले. बराच वेळ पाणी वाहत राहिलं.

काय वेगळं, ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

शाळा उघडल्या. भाऊ ऑफिसात आले, नेहमीसारखे दारात चपला काढून. "मेव्हण्यानं नाव घातलं पोरीचं," म्हणाले. "तुमी लई हिंडलात मॅडम." वर माझंच सांत्वन. मला भाऊंवर चिडता येईना, आणि इतर कुणावर चिडायचं राहिलेलं नव्हतं.

यंदा दिवाळीला पाहुणे जमले आणि अप्पांनी किस्सा सुरू केला. दांडा, दणका, आडवा. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी टोपी काढली नाही. ते मान खाली घालून चकलीचे तुकडे करत बसले. कुणी हसलं नाही, आणि अप्पा पानाचा डबा पुढे ओढून बसले.

"सांगा ना अप्पा," मी म्हणाले, "बांध झाला. आता वरच्या खोलीचं सांगा."

ती अजून रिकामीच आहे. अप्पांनी तिला नवं कुलूप लावलं आहे.