डिफॉल्टला काय हाय?

आमच्या ऑफिसातले किस्से कुणी जमवत नाही. चहाच्या गाड्यावर एकानं एक काढला की मागचे आपोआप बाहेर पडतात! ऑफिस म्हणजे नांदेडात झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. माणसं तीन: मालक कदम सर, रेहाना आणि मी. काम वजनकाट्यांचे प्रोग्राम लिहायचं.

आपण लिहिलेलं कोड मशीनला कळेल असं करून देतो तो कंपायलर. जुन्यात सुरक्षेची सेटिंग्ज बंद असायची, नव्यात बरीचशी डिफॉल्टलाच, म्हणजे आपोआप, चालू. आम्ही नवा घेतला अन् पहिल्याच दिवशी आमचा प्रोग्राम अडला.

सर चिडले, "इतकी वर्षं चालला की!"

रेहाना म्हणाली, "चालला न्हाई सर. कुणी धरला न्हाई!"

*

सरांना 'कॅनरी' नावाची नवी तपासणी समजावत होतो. "मेमरीच्या दारात कंपायलर एक पक्षी ठेवतो. आतलं काही हद्दीबाहेर सांडलं की पक्षी मरतो, अन् प्रोग्राम तिथंच थांबतो."

सर गंभीर झाले. "म्हणजे गिऱ्हाइकासमोर आपला पोपट!"

*

एकदा सर पेढे घेऊन आले. "काल कंपायलरच्या ढीगभर वॉर्निंग होत्या. आज शून्य!"

पेढे संपल्यावर रेहानानं सेटिंग पाहिलं. सरांनी वॉर्निंग दाखवणंच बंद केलं होतं!

*

मग सर उलटे फिरले. "सगळं ऑन करा!" नुसत्या टेस्टिंगसाठी असलेल्या तपासण्यासुद्धा. लातूरला डेमो, मोठी ऑर्डर. काट्यावर शेळी चढवली. तपासण्यांनी प्रोग्राम इतका मंदावला की आकडा येईना. शेळी कंटाळून उतरली, मग आकडा आला!

व्यापारी म्हणाला, "शेळीच्या आठवणीत काढलं का वजन?"

मी तिथंच तपासण्या बंद करून प्रोग्राम पुन्हा भरला. आता शेळी चढेना! शेवटी सर स्वतः चढले. ऑर्डर मिळाली.

*

बिलोलीच्या गंगाधरकाकांचं आडत दुकान. फोन आला, "नवा प्रोग्राम टाकल्यापासून काटा माझं नावच घेईना!"

मी बसनं गेलो. पावतीच्या डोक्यावर मालकाचं नाव, खाली गाव. काकांचं नाव वडिलांसकट लांबलचक, आमच्या कोडात जागा तोकडी.

"काका, आधी उरलेली अक्षरं खालच्या रकान्यात सांडायची. गावाच्या जागी तुमचं आडनाव छापायचं. नवा कंपायलर सुरक्षेसाठी ते होऊ देत न्हाई, थांबवतो. मी जागा वाढवून देतो."

काकांनी जुनी पावती काढली. गाव: पाटील.

"म्हंजे आता इथं बिलोली येणार?"

"हाव."

काका जवळ सरकले. हळूच म्हणाले, "सोयरे विचारतेत, गाव तुमच्या नावचं हाय का? इतकी वर्षं मी हाव म्हणून राहिलो. ते तुमचं सुरक्षेचं बटण... तेवढं ऑफ कर की बाबा!"